पत्ता बरोबर, माणूस भलताच : नाशिकच्या एका बेदाणा दुकानाची ई-मेल यादी

दुकान मेन रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे. बेदाणे, मनुका, काजू, सुकं अंजीर. थोडा माल निफाडकडच्या घरच्या बागेतला, बराचसा तासगावहून येणारा. वर्षाच्या विक्रीत दिवाळीचा वाटा सर्वांत मोठा, आणि त्यातही काउंटरवरच्या गिऱ्हाइकांपेक्षा कंपन्यांच्या भेट-पेट्यांचा. अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे इथल्या कारखान्यांकडून कामगारांसाठी एकगठ्ठा मागणी येते. ती नवरात्राच्या आगेमागे पक्की होते. एकदा का कंपनीने दुसऱ्याला ऑर्डर दिली, की त्या वर्षापुरता विषय मिटला.

गल्ला आणि खरेदी काका बघतात, ऑनलाइन बाजू त्यांची पुतणी. दुकानाची ओळख मी मुद्दाम गाळली आहे आणि आकडे गोल केले आहेत.

घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात पुतणीने नव्या पेट्यांचं माहितीपत्रक सगळ्या यादीला एकदम पाठवलं. नऊ हजार पत्ते होते. दुपारपर्यंत बाराशेच्या आसपास मेल परत आले, म्हणजे शंभरातले तेरा. संध्याकाळी मेल पाठवणाऱ्या सेवेने खातं थांबवलं आणि विचारणा केली: हे पत्ते तुम्हाला कुठून मिळाले, ते लिहून कळवा.

ती सेवा कोणती हे महत्त्वाचं नाही. मर्यादा सगळीकडे साधारण याच घरातल्या असतात. अ‍ॅमेझॉनच्या एसईएस या मेल पाठवण्याच्या सेवेचे आकडे उघड आहेत म्हणून तेच सांगतो: परत येणारे मेल पाच टक्क्यांवर गेले की खातं नजरेखाली येतं, दहा टक्क्यांवर गेले की पाठवणं थांबवलं जाऊ शकतं. तक्रारींची, म्हणजे 'स्पॅम' बटण दाबणाऱ्यांची मर्यादा त्याहून कितीतरी कडक आहे. तिथे हजारात एक तक्रार आली तरी विचारणा होते. तेरा टक्के परत आल्यावर सेवेने दुसरं काही करण्याची अपेक्षाच नव्हती.

मला बोलावलं ते त्या विचारणेचं उत्तर लिहून द्यायला. काकांचं म्हणणं सरळ होतं. "सॉफ्टवेअर मिळतं ना त्याचं? बेदाणा चाळतो तशी यादी चाळून घ्या, खडे काढा आणि उद्या परत पाठवा. दिवाळी थांबणार आहे का आपल्यासाठी?"

चाळायला माझी ना नव्हती. पण सेवेने पत्ते चालू आहेत का हे विचारलंच नव्हतं. ते आले कुठून, एवढंच विचारलं होतं. या दोन प्रश्नांत किती अंतर आहे हे पुढच्या काही दिवसांत दुकानात सगळ्यांनाच कळलं.

आधी चाळणीबद्दल. पुतणीने एक फुकट तपासणारी वेबसाइट शोधून ठेवली होती. तिला मी तिथेच थांबवलं. नऊ हजार लोकांचे पत्ते अनोळखी माणसाच्या हाती द्यायचे आणि तो ते फुकट तपासून देणार म्हटल्यावर त्यात त्याचा फायदा काय, हे आधी विचारायला हवं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीची आणि जबाबदारीची भाषा बोलतो. पत्ता गिऱ्हाइकाने दुकानाला दिला होता, तिसऱ्याला नाही. मग पैसे घेणारी, अटी लिहून देणारी आणि काम झाल्यावर फाइल पुसणारी सेवा घेतली. पत्त्यामागे रुपयाहून कमी खर्च आला. काकांनी एका पेटीच्या किमतीशी हिशेब लावून पाहिला आणि मान डोलावली.

अशी सेवा काय करते, ते नीट समजून घेतलं तरच तिचा निकाल वाचता येतो. आधी पत्त्याचं लिखाण तपासलं जातं: मध्ये स्पेस आहे का, शेवटी नको असलेला स्वल्पविराम आहे का, 'अ‍ॅट'चं चिन्ह दोनदा पडलंय का. मग त्या चिन्हानंतरचं डोमेन आहे का आणि त्याची एमएक्स नोंद, म्हणजे टपाल कुठल्या सर्व्हरने घ्यायचं याची नोंद, सापडते का ते पाहिलं जातं. इथवर सोपं आहे. तिसऱ्या पायरीला सेवा थेट त्या सर्व्हरचं दार वाजवते. मी अमुक, माझ्याकडे तमुक माणसासाठी मेल आहे, घेणार का? सर्व्हर '२५०' म्हणाला तर होकार, '५५०' म्हणाला तर नकार. उत्तर मिळताच सेवा मेल न देताच निघून जाते. एखादं नाव आपल्याकडे आहे का हे विचारायची वेगळी आज्ञा एसएमटीपीच्या, म्हणजे सर्व्हर ज्या पद्धतीने मेल देतात-घेतात तिच्या, १९८२ च्या मूळ नियमावलीत होती. स्पॅमवाले तिचा वापर नावं गोळा करायला करू लागले, म्हणून बहुतेकांनी ती बंद करून टाकली. आता ही अशी दारातूनच परतायची पद्धत उरली आहे.

यात पाणी मुरतं ते सर्व्हर खरं बोलतोच असं नाही म्हणून. काही सर्व्हर अनोळखी माणसाला मुद्दाम 'थोड्या वेळाने या' सांगतात. काही कंपन्यांच्या सर्व्हरपुढे सुरक्षा-यंत्रणा बसवलेली असते. ती सगळ्याला हो म्हणते आणि नको असलेलं नंतर परत पाठवते. आणि काही डोमेन कुठल्याही नावाचं टपाल स्वीकारतात. तपासणारी सेवा हे ओळखायला आधी एखादं अगदी निरर्थक नाव विचारते. त्यालाही होकार आला, तर त्या डोमेनवरचा कुठलाच होकार विश्वासाचा धरत नाहीत आणि निकालात 'सांगता येत नाही' असा शेरा पडतो.

निकाल आला तो असा: सहा हजार तीनशे पत्ते चांगले, तेराशे मेलेले, नऊशे 'सांगता येत नाही', आणि पाचशे 'धोक्याचे'. धोक्याचे म्हणजे माणसाच्या नावाचे नसलेले: परचेस, एचआर, अ‍ॅडमिन, इन्फो. अशा खात्यावरचं टपाल तीन-चार जण वाचतात, त्यातल्या एखाद्याने तरी वैतागून तक्रार करण्याची शक्यता जास्त, म्हणून शेरा धोक्याचा. सेवेची सूचना एका ओळीची होती: चांगले ठेवा, बाकीचे काढा.

पुतणीने त्याप्रमाणे फाइल तयारही केली. मी तिला एवढंच म्हटलं, की काढलेल्या पत्त्यांच्या बाजूला गेल्या दिवाळीची ऑर्डर-वही ठेवून बघ.

वही काकांच्या हातची, लाल कापडी बांधणीची. गेल्या वर्षी पन्नासपेक्षा जास्त पेट्या घेणाऱ्या कंपन्यांची नावं एकेक करून शोधली, तर निम्म्याहून जास्त त्या काढलेल्या ढिगात सापडली. साहजिकच होतं. दिवाळीच्या पेट्या कोण मागवतं? परचेस आणि एचआर. मधल्या आकाराच्या कारखान्याचं मेल कुठे असतं? स्वतःच्या डोमेनवर, आणि ते कधीतरी कोणा आयटीवाल्याने 'काहीही आलं तरी घे' असं लावून दिलेलं असतं. यादीतली सर्वांत मोलाची गिऱ्हाइकं सॉफ्टवेअरच्या हिशेबात खडे ठरली होती. काका ती यादी बघून बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे आपण बासमती फेकून कणी ठेवत होतो."

'सांगता येत नाही' आणि 'धोक्याचे' मिळून झालेल्या या चौदाशेंपैकी ज्यांच्याशी आधी व्यवहार झाला होता, त्यांना फोन केले. पत्ता तपासण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही, आणि औद्योगिक वसाहतीत तो लागूही पडतो, कारण तिथे लँडलाइनवर अजून कोणीतरी फोन उचलतं. "नमस्कार मॅडम, दिवाळीच्या पेट्यांचं पत्रक कोणाच्या नावाने पाठवू?" एवढ्यावर नवा पत्ता, नव्या साहेबांचं नाव आणि बऱ्याचदा यंदाची अंदाजे संख्याही मिळाली. दोन ठिकाणी तर ऑर्डर फोनवरच झाली, मेलचं काम उरलंच नाही.

आता परत आलेल्या बाराशे मेलबद्दल. इथेही सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं नसतं. प्रत्येक परतीच्या चिठ्ठीवर कारणाचा क्रमांक असतो. ५.१.१ म्हणजे असं खातंच नाही, तो पत्ता कायमचा गेला. ५.२.२ म्हणजे खातं भरलं आहे. गूगलचे फुकटचे पंधरा जीबी फोटो, ड्राइव्ह आणि मेल मिळून असतात, म्हणून लग्नाच्या हंगामात असे पुष्कळ भेटतात. हे महिन्याने पुन्हा पाहायचे. ४ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे तात्पुरती अडचण. आणि ५.७ ने सुरू होणारा म्हणजे पत्ता व्यवस्थित आहे, आम्हाला तुमचंच टपाल नको आहे. आपली पत घसरली की हे वाढतात. आमच्या बाराशेंत असे दीडशेच्या आसपास होते, बहुतेक कंपन्यांचे. ते 'मेलेले' म्हणून पुसले असते तर स्वतःचा दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारल्यासारखं झालं असतं.

मग यादीचा उगम. सेवेला उत्तर द्यायचं म्हणून प्रत्येक पत्त्यापुढे तो कुठून आला हे लिहायला बसलो, आणि खरं काम इथे झालं. नऊ हजारांचे सरळ पाच ढीग पडले.

सर्वांत जुना ढीग दुकानाच्या वहीतला. त्यात संचारनेट आणि इंडियाटाइम्स या जुन्या मेल सेवांचे पत्ते होते. इंडियाटाइम्सची मेल सेवा २०१३ मध्येच बंद झाली. त्याच वर्षी याहूने वर्षभर न वापरलेली नावं काढून घेऊन नव्या लोकांना वाटली, म्हणजे तिथला चालू पत्ता जुन्याच माणसाचा असेल याची हमी नाही. रेडिफमेलचे मात्र बरेच चालू निघाले. जुने व्यापारी आणि सीए ते सोडत नाहीत.

दुसरा ढीग २०१५ च्या सिंहस्थातला. त्या वर्षी काकांनी पंचवटीत तात्पुरता स्टॉल लावला होता आणि येणाऱ्या यात्रेकरूंकडून एका रजिस्टरात नाव, गाव, मोबाइल, ई-मेल लिहून घेतलं होतं. अडीच हजार पत्ते, देशभरातले. मेलेल्या तेराशेंपैकी सर्वांत मोठा वाटा इथला निघाला. गूगलने दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून काढायला घेतली. मोबाइल घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं आणि नंतर कधी न पाहिलेलं जीमेल खातं त्यात पहिल्या झटक्यात जातं. उरलेल्यांत आणखी एक भीती असते. अनेक वर्षं सोडून दिलेले काही पत्ते मेल-कंपन्या आणि काळी यादी ठेवणाऱ्या संस्था सापळा म्हणून पुन्हा चालू करतात. त्यावर मेल आलं की पाठवणारा जुनी, न राखलेली यादी वापरतो हे सिद्ध होतं. सापळा तपासणीत चांगलाच दिसतो, कारण तो टपाल घेतो. घेण्यासाठीच तर तो असतो.

तिसरा ढीग गंगापूर रोडच्या डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या प्रदर्शनातला: 'चिठ्ठी भरा, एक किलो बेदाणे जिंका'. दोन हजार चिठ्ठ्या होत्या. चौथा ढीग वेबसाइटवर ऑर्डर देणाऱ्यांचा, पाचवा कंपन्यांचा. या पाचव्यात थोडे स्वतः जोडलेले आणि काही कोणाकडून तरी आलेल्या एक्सेल फाइलमधले होते. ती फाइल कोणी दिली यावर घरात आजही एकमत नाही.

प्रदर्शनाच्या चिठ्ठ्यांनी या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट शिकवली. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हा ढीग उत्तम होता, दहातले नऊ पत्ते चालू. पण याहू आणि आउटलुककडून सेवेपर्यंत पोहोचलेल्या तक्रारी पाहिल्या, 'मला यादीतून काढा' म्हणणारे पाहिले, तर बहुतेक याच ढिगातले. जीमेल कुठल्या माणसाने तक्रार केली ते सांगत नाही, फक्त एकूण प्रमाण दाखवतं, आणि पाठवलेले मेल कमी असले तर तेही नाही. त्यामुळे जे दिसतं त्यावरूनच अंदाज बांधावा लागतो. इथे अंदाज बांधायला फार डोकं लागलं नाही. ज्याला बेदाणे जिंकायचे होते त्याने चिठ्ठी भरली. ज्याला पत्ता द्यायचा नव्हता त्याने दुसऱ्याचा लिहिला.

शिवाय चिठ्ठी हाताने लिहिलेली, आणि ती नंतर दुकानातल्या मुलाने टाइप केलेली. आपल्याकडे नावांची रोमन लिपी म्हणजे ज्याची त्याची मर्जी. 'लक्ष्मण'मधला 'क्ष' कोणी 'एक्स'ने लिहितं, कोणी 'केएसएच'ने. 'शिंदे'त कोणी एक 'आय' घालतं, कोणी दोन 'ई'. 'वैशाली' 'व्ही'ने की 'डब्ल्यू'ने, हे त्या वैशालीताईंनाच विचारावं लागतं. टाइप करणाऱ्याने सवयीने आपलं स्पेलिंग घातलं, की पत्ता चुकतो, पण मेलेला निघत नाही, कारण त्या दुसऱ्या स्पेलिंगचे लक्ष्मणरावही या जगात आहेत आणि त्यांचंही जीमेल खातं आहे. तपासणी म्हणते चांगला. मेल पोहोचतं. आणि नांदेडात किंवा नागपुरात बसलेल्या त्या भलत्याच लक्ष्मणरावांना कळत नाही की नाशिकचा हा बेदाणेवाला आपल्या मागे का लागलाय. ते स्पॅमचं बटण दाबतात. त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणात पाठवणाऱ्यांना लावलेल्या नियमांत तक्रारी हजारात तीनच्या खाली ठेवायच्या आहेत, आणि शक्यतो हजारात एकच्या. दोन हजार चिठ्ठ्यांमागे असे सहा भलते लक्ष्मणराव पुरतात. हे नियम दिवसाला पाच हजारांवर मेल जीमेलला पाठवणाऱ्यांसाठी आहेत. एरवी या दुकानाचा त्यांच्याशी संबंध आला नसता. पण यादीतले दोनतृतीयांश पत्ते जीमेलचे, आणि त्या दिवशी सगळे एकदम गेले. एकदा हा आकडा ओलांडला की गूगल त्या डोमेनला पुढेही मोठा पाठवणाराच धरतं, तो शिक्का पुसला जात नाही. म्हणून डोमेनची कागदपत्रंही, म्हणजे मेल खरंच या दुकानाकडूनच आलंय हे पटवणाऱ्या नोंदी, त्याच आठवड्यात पुरी केली. एसपीएफ होतं, डीकिम आणि डीमार्क नव्हतं. डोमेनच्या नोंदींत ते घालून घेतलं, आणि एका दाबात नाव काढता येईल असं बटण मेलच्या डोक्यावर आणलं. पुतणीला ते बटण ठळक नको होतं. तिला म्हटलं, ते सापडलं नाही तर माणूस त्याच्या शेजारचं दाबतो.

शेवटी सेवेला उत्तर गेलं ते पाच ढिगांच्या हिशेबासकट. एक्सेल फाइलमधले पत्ते पूर्ण बाहेर. प्रदर्शनाचे बाहेर, चालू असले तरी. सिंहस्थाचे आणि जुन्या वहीतले, ज्यांनी गेल्या दोन वर्षांत काही घेतलं तेवढेच आत. वेबसाइटचे आणि फोनवर पक्के केलेले कंपन्यांचे आत. नऊ हजारांचे अडीच हजार उरले. खातं सुरू झालं, आणि मेल एकदम न पाठवता रोज थोडे, आधी अलीकडच्या गिऱ्हाइकांना, असे सोडले. परतीचं प्रमाण एका टक्क्याच्या आत राहिलं. किती जणांनी मेल उघडलं हा आकडा मी बघू दिला नाही. सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपलच्या फोनवरचं मेल अ‍ॅप माणसाने न उघडताही मेल उघडल्यासारखं दाखवू शकतं, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. पेट्यांच्या मागण्या मोजल्या. कंपन्यांच्या ऑर्डरी गेल्या वर्षाच्या आसपास आल्या, आणि त्यातल्या बऱ्याच मेलपेक्षा फोनमुळे.

सर्वांत जास्त वाद झाला तो काउंटरवर. नियम म्हणून माझं मत असं, की पत्ता घेतला की त्यावर लगेच एक मेल जावं आणि त्यातली लिंक माणसाने दाबली तरच नाव यादीत चढावं. काका उसळले. "गिऱ्हाईक दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभं आहे, बाहेर रिक्षावाला हॉर्न मारतोय, आणि मी त्याला लिंक दाबा म्हणू?" त्यांचं बरोबर होतं. मग तोडगा निघाला तो बिलाचा. ज्याला मेलवर बिल हवं त्याने काउंटरवरच्या टॅबवर स्वतःच्या हाताने पत्ता टाइप करायचा. बिल तिथेच जातं, परत आलं तर त्याच क्षणी स्क्रीनवर दिसतं आणि माणूस अजून समोर उभा असतो. भलत्याला गेलं तर गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, अहो बिल आलं नाही. खाली एक वेगळी चौकट आहे, 'दिवाळीच्या पेट्यांची माहिती पाठवा'. ती आधीपासून भरलेली नसते, ज्याला हवी तो भरतो. फोनवर पत्ता घ्यायचाच झाला तर अक्षरं एकेक विचारायची: 'एम मुंबईचा, एन नाशिकचा'.

बाहेर काढलेले साडेसहा हजार पत्ते पुसलेले नाहीत. ते 'पाठवू नये' अशा वेगळ्या यादीत ठेवले आहेत, कारण पुसले तर कधीतरी कोणीतरी जुनी फाइल पुन्हा चढवतं आणि सगळे परत येतात. सेवा आता ही यादी आडवी धरते. सिंहस्थाच्या रजिस्टरावर मात्र काकांचा जीव आहे. २०२६-२७ चा सिंहस्थ तोंडावर आला असताना ते अडीच हजार यात्रेकरू त्यांना हवे आहेत. त्या रजिस्टरात ई-मेलच्या शेजारच्या रकान्यात गाव आणि मोबाइल नंबरही आहे, हे त्यांनी मला दाखवून ठेवलंय. मी मोबाइल नंबरांचंही तेच सांगितलं: एवढ्या वर्षांत पुष्कळ नंबर दुसऱ्यांना गेले असतील, आधी विचारल्याशिवाय एकगठ्ठा संदेश टाकू नका. त्यावर त्यांनी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. रजिस्टर सध्या गल्ल्याखालच्या कप्प्यात आहे, आणि किल्ली पुतणीकडे.